आईचा खण

“खण तर तयारच आहे की, ताई. कापाकापी काहीच नाही,” मुबारक म्हणाला आणि आमच्या मारुतीच्या डॅशबोर्डातल्या चौकोनी भोकात त्यानं मनगटापर्यंत हात घातला. “पहिला टेप होता ना इथं?”

“होता. बिघडला म्हणून काढला. त्याला बरीच वर्षं झाली.”

“मग बरोब्बर बसतोय बघा. चहा येईपर्यंतचं काम.”

कराडला स्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. गाड्यांचे टेप, हॉर्न, सीटकव्हरं, आरशाला टांगायचे लिंबू-मिरचीचे प्लॅस्टिकचे गुच्छ. सीडी प्लेअर मी पुण्याहून आणला होता. सोबत डझनभर सीडी होत्या; सगळ्या गाण्याच्या नव्हत्या, काही नुसत्या वाचनाच्या. कुणाचा तरी आवाज गाडीत असावा, एवढाच हेतू होता.

त्याचं कारण शेजारच्या सुलभाकाकूंचा फोन. “तुला सांगावं की नाही कळत नव्हतं,” काकू म्हणाल्या होत्या, “पण तुझे बाबा रोज संध्याकाळी गाडी काढतात. संगमावर नेऊन लावतात. उतरत नाहीत. काच वर करून तसेच बसतात आणि अंधार पडला की परत येतात. आमचे हे एकदा फिरायला गेलेले, तर यांनी काचेवर टकटक केलं. म्हणे, काय मोरूभाऊ, काय चाललंय? तर म्हणाले, काही नाही, बसलोय.”

आई जाऊन तेव्हा दीड-एक वर्ष झालं होतं.

बाबांनी मला दुकानाशी सोडलं आणि ते पिशवी घेऊन बाजारात गेले. दुसऱ्या दिवशी आम्हाला कुंभार्ली घाट उतरून कोकणात, कुलदेवीच्या गावी जायचं होतं. वर्षातून एकदा तिथे आमच्या घरचा अभिषेक असतो. त्यासाठी नारळ, देवीच्या ओटीचा खण, उदबत्त्या, कापूर असं सगळं आणायचं होतं. ही खरेदी आई करायची. बाबा तिची यादी तोंडपाठ असल्यासारखे गेले.

सीडी प्लेअरबद्दल ते सकाळी म्हणाले होते, “मला काय करायचाय? तुला बसवायचा तर बसव.” त्यांच्या दृष्टीनं तो होकार होता.

त्या चौकोनी भोकाला आमच्या घरात खण म्हणत. टेप काढल्यावर तिथे नवा बसवायचा असं बाबा बरेच दिवस म्हणत राहिले, तोवर आईनं तो बळकावला. त्यात लिमलेटच्या गोळ्या, सेफ्टी पिना, कंगवा, देवळात टाकायची चिल्लर असं सगळं असायचं. बाबांनी चुकून चष्मा ठेवला तर ती तो उचलून त्यांच्या शर्टाच्या खिशात घालायची. “अहो, हा माझा खण आहे. तुमच्याकडे एवढं मोठं चाक दिलंय ना?”

ती गेल्यावर त्या वस्तू कुठे गेल्या, मला माहीत नाही. त्या दिवशी मी पाहिलं तेव्हा खण रिकामा होता. निदान मला तसं वाटलं.

मुबारकनं आतली धूळ काढायला ब्रश फिरवला. आत टक् असा आवाज झाला, आणि मग काहीतरी दूरवर घरंगळत गेलं.

“काय पडलं?”

त्यानं बॅटरी मारून पाहिलं. “सुपारी होती वाटतं. कोपऱ्यात बसलेली. मागं ब्लोअरची नळी फुटलीय, तिच्यात गेली.” तो हसला. “काका पान खातात व्हय?”

“छे. कधीच नाही.”

“मग उंदरानं आणली असंल,” असं म्हणून तो वायर सोलायला बसला.

बाबा आले तेव्हा चहाचे पेले रिकामे झाले होते आणि प्लेअर खणाच्या तोंडाशी अर्धा आत, अर्धा बाहेर होता. त्यांनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली, पुढे वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“थांब. थांब जरा. इथे नाही बसवायचा.”

“मग कुठं, काका? जागाच ही आहे.”

“ह्यात एक सुपारी होती.”

मुबारकनं माझ्याकडे पाहिलं. “होती. ती आत गेली नळीत. त्याचं काय एवढं? समोर पानपट्टी आहे, सांगा कुठली आणू. चिकणी, भाजकी...”

“खायची नव्हती ती.”

“मग?”

बाजूच्या दारातून आत बसून बाबांनी स्वतःच खणात बोटं घातली. त्यांची बोटं जाडजूड, खडूनं आयुष्यभर पांढरी झालेली. ती फार आत गेली नाहीत. मुबारक बिचारा उताणा होऊन डॅशबोर्डाखाली शिरला. त्यानं वाकडी तार घातली, हवा मारून पाहिली. आतून त्याचा आवाज आला, “लोखंडाची असती तर लोहचुंबकानं काढली असती. सुपारीला काय लावू?” मग तो बाहेर आला, गुडघे झटकले. “काका, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागंल. उद्या संध्याकाळी मिळंल गाडी.”

“उद्या सकाळी निघायचंय आम्हाला.”

“बाबा,” मी म्हटलं, “एका सुपारीसाठी डॅशबोर्ड उतरवायचा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलीनं पाठ केलेलं उत्तर दिलं की ते असे बघत, असं त्यांच्या विद्यार्थिनी सांगायच्या.

“मुबारक, गाडी जरा हलव बघू.”

“हलवू?”

“बॉनेटवर हात ठेव आणि हलव.”

मुबारकनं बॉनेटवर भार दिला आणि गाडी खाली-वर केली. आत बारीक खुळखुळ झाली. बाबा मान वाकडी करून ऐकत होते. डॉक्टर छाती तपासताना ऐकतात तसे.

“आहे,” ते म्हणाले.

“आहेच की. जाईल कुठं?”

“मग राहू दे. गाडीतच आहे ना.” ते खाली उतरले. आवाज पूर्ववत झाला होता. “आणि हा डबा तिकडे बसव. डाव्या बाजूला, खाली.”

“तिकडं तुमचा हात पोचणार नाही, काका.”

“गाडी चालवणाऱ्यानं गाडी चालवावी. गाणं शेजारच्यानं लावायचं.”

“पण बाबा, तुम्ही एकटे असाल तेव्हा कोण लावणार?”

“एकटा असेन तेव्हा नाही लावणार.”

तो प्लेअर त्या एकटेपणासाठीच तर आणला होता. मुबारक पक्कड हातात घेऊन एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होता. त्याच्या दुकानात हॉर्नच्या आवाजावरून बाप-लेकांची भांडणं झाली असतील, पण हे भांडण कशावरून आहे ते त्यालाही कळत नव्हतं.

“ताई, काय करू?”

“ते म्हणतात तसं.”

त्यानं डाव्या बाजूच्या कप्प्याखाली लोखंडी पट्टी ठोकली आणि प्लेअर तिच्यात अडकवला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून मी हात लांब करून पाहिला. बटणं वीतभर लांब राहत होती.

“खणाला झाकण लावून देऊ?” आम्ही निघताना त्यानं विचारलं. “उघडं वाईट दिसतंय.”

“उघडंच असू दे,” बाबा म्हणाले.

रात्री जेवताना आम्ही उद्या किती वाजता निघायचं एवढंच बोललो. आमच्या घरात भांडणाला आवाज नसतो. आवाज आई करायची. ती ताटं जरा जोरात ठेवायची, आणि मग आम्हाला दोघांना कळायचं की आता बोललं पाहिजे. त्या रात्री ताटं मी ठेवली. हळूच ठेवली गेली.

सकाळी पाटण मागे पडेपर्यंत रस्ता सरळ होता. मी सारंगीची सीडी लावली. “छान आहे,” बाबा म्हणाले. मला बरं वाटलं. कोयनेचं पाणी दिसलं, मग झाडी दाट झाली, आणि घाटाचं पहिलं वळण आलं. गाडी उजवीकडे वळली तशी सुपारी नळीतून डावीकडे घरंगळत आली. खुळखुळ. माझ्या गुडघ्यांसमोर येऊन थांबली. बाबांनी वेग कमी केला.

पुढचं वळण डावीकडचं. सुपारी त्यांच्या बाजूला गेली. त्यांनी पुन्हा वेग कमी केला.

आईला घाटाची भीती वाटायची. प्रत्येक वळणाला ती दाराची कडी धरायची आणि “अहो, जरा हळू” म्हणायची. बाबा “हळूच आहे” म्हणायचे. मी मागच्या सीटवरून त्यांची नक्कल करायचे. लहानपणी मला वाटे, घाटात असं म्हणायचंच असतं, देवळात घंटा वाजवतात तसं.

तिसऱ्या वळणाला बाबा पुटपुटले, “हळूच आहे.”

“मी काही म्हटलं नाही.”

“तुला नाही.”

मला वाटलं, मागून हॉर्न देणाऱ्या ट्रकला म्हणाले असतील.

देवळाशी काशिनाथगुरुजी वाट पाहत होते. वयानं बाबांपेक्षा लहान, पण एकमेकांना पोरवयापासून ओळखणारे. “या मोरूभाऊ. घाटात धुकं लागलं का? ही उत्तरा ना? किती वाळलीस गं. जावई नाही आले?”

“ती एकटीच येते आता,” बाबा म्हणाले. माझा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. बाबांच्या तोंडून त्याबद्दल आलेलं ते पहिलं वाक्य.

गुरुजी लगबगीनं कामाला लागले. गाभाऱ्यासमोर दोन पाट मांडलेले होते. बाबा सोवळं नेसून आले आणि त्यांतल्या एकावर बसले. दुसरा त्यांच्या उजव्या हाताला होता. ते एकटे बसलेले बघवेना, म्हणून मी त्यावर बसायला गेले.

“अगं, तिथे नको,” गुरुजी म्हणाले. “तो आईचा.”

मी मागे झाले आणि खांबाला टेकून उभी राहिले.

“मोरूभाऊ, गेल्या वर्षीची सुपारी आणलीत?”

“गाडीत आहे.”

“मग घेऊन या की. उत्तरा आणेल. कुठे ठेवलीय?”

“निघत नाही.”

“निघत नाही म्हणजे?”

बाबांनी समोरच्या तांब्यातलं पाणी पळीनं थोडं ढवळलं. “तिला निघायला नेहमीच वेळ लागायचा,” ते म्हणाले.

गुरुजी हसले. हसता हसता थांबले. बाबा हसत होते की नाही, मला मागून दिसत नव्हतं. फक्त त्यांचे खांदे दिसत होते.

गुरुजींनी आपल्या तबकातली एक सुपारी उचलली, पाण्याचा थेंब सोडला आणि पुढे केली. “ही घ्या मग या वेळेला.” बाबांनी ती घेतली, क्षणभर मुठीत ठेवली आणि सोवळ्याच्या निऱ्यांशेजारी कमरेला खोचली.

मी काही विचारलं नव्हतं. पण गुरुजींना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. “अगं, या पूजेला यजमानानं जोडीनं बसायचं असतं,” ते म्हणाले. “बायको नसली तर कमरेला सुपारी लावतात. ती तिच्या जागी. गेल्या वर्षीचा अभिषेक वहिनी गेल्यानंतरचा पहिलाच. पूजा झाली, मी म्हटलं, आता ती विहिरीत सोडा. तर हे देईनात. म्हणाले, इथून नेहमी दोघं गेलो, आता गाडी रिकामी कशी नेऊ?”

“काशिनाथ, उशीर होतोय,” बाबा म्हणाले.

बाहेर कुणीतरी विहिरीवर पाणी शेंदत होतं. रहाटाचा आवाज येत होता. मला संगमावर काच वर करून उभी असलेली गाडी दिसली, आणि काचेवर टकटक करणारे शेजारी. काही नाही, बसलोय.

“आणि नवरा नसला तर?” मी विचारलं. “बाई काय लावते?”

गुरुजी दर्भ मोजून ठेवत होते. “बाईमाणसाला तशी सोय नाही,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. दुपारची एसटी नाही, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “ती बसत नाही पूजेला.”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मंत्र सुरू झाले आणि त्यांना पुढे बघावं लागलं.

अभिषेक बराच वेळ चालला. दुसऱ्या पाटावर कुणी नव्हतं. बाबा पळीनं पाणी घालताना उजवं कोपर आत ओढून घेत होते. शेजारी माणूस बसलेलं असलं की आपण त्याला धक्का लागू नये म्हणून घेतो तसं.

पूजा झाल्यावर त्यांनी कमरेची सुपारी काढून तबकात ठेवली. “ही तुमची, काशिनाथ. विहिरीत सोडा. आमची गाडीत आहे.”

जेवून निघालो तेव्हा उन्हं कलली होती. गाडीशी आल्यावर बाबांनी माझ्यापुढे किल्ली धरली.

“तू चालव.”

त्यांनी ती गाडी कधी कुणाला दिली नव्हती. मला लायसन्स मिळालं तेव्हाही नाही. मी काही म्हणायच्या आत ते डाव्या बाजूला गेले, आईच्या सीटवर बसले आणि पाय नीट घेऊन दार लावलं. गाव मागे पडल्यावर त्यांनी सीडींचं पाकीट उघडलं, चष्मा कपाळावर घेऊन एकेक वाचली.

“काय लावू?”

“तुम्हाला हवं ते.”

“मी शेजारचा. तू सांगायचं, मी लावायचं.”

मी सारंगी म्हटलं. त्यांनी ती लावली. पहिल्यांदा उलटी घातली, प्लेअरनं ती परत बाहेर काढली. “नाही म्हणतोय,” ते म्हणाले आणि सुलटी घातली. घाटाच्या पायथ्यापर्यंत आम्ही ऐकत राहिलो. चढ लागला तसा त्यांनी आवाज बारीक केला, अगदी बारीक, जवळजवळ बंद. पहिल्या वळणाला खुळखुळ ऐकू आली.

बाबांनी दाराची कडी धरली होती.

“जरा हळू,” ते म्हणाले.

“हळूच आहे,” मी म्हटलं.

माथ्यावर त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला.

पुढच्या वर्षांत मी जमेल तेव्हा कराडला जात राहिले. संगमावर आम्ही दोघं गाडी लावायचो. मी सीडी लावायचे, ते ऐकायचे. मी पुण्याला परतले की प्लेअर बंद असायचा, हे मला माहीत होतं, आणि सुलभाकाकू आता त्याबद्दल फोन करत नसत. मुबारकनं दोनदा विचारलं, काका, काढायची का सुपारी? बाबा म्हणाले, कशाला?

ते या माघात गेले. दिवस वगैरे झाले, चुलतभाऊ आपापल्या गावी गेले, घर बंद करून किल्ली काकूंकडे दिली. गाडीचं काय करायचं असं सगळे विचारत होते. मुबारकनं गिऱ्हाईकही बघितलं होतं. मी गाडी घेऊन निघाले.

बाजारातून जाताना एका वाण्याच्या दुकानासमोर थांबले.

“पूजेची सुपारी आहे?”

“आहे की. किती देऊ? अकरा, एकवीस?”

“एक.”

“एकच?” तो सुपाऱ्यांचा डबा उघडता उघडता थांबला. “ताई, एक कुणी नेत नाही. जोडी तरी न्या.”

“एकच द्या. दुसरी आहे.”

गाडीत बसून मी ती हातात धरून पाहिली. लहानशी होती, वर टोक आलेली. बाईमाणसाला तशी सोय नाही, हे मला ठाऊक होतं. कुठला मंत्र म्हणायचा हेही माहीत नव्हतं. काही म्हटलं नाही. खणात हात घालून मागची फट चाचपली आणि ती आत सोडली. टक् आवाज झाला. मग ती कुठेतरी जाऊन थांबली.

हायवेला लागल्यावर सवयीनं डावा हात प्लेअरकडे नेला. बटणं तेवढीच लांब होती. हात परत चाकावर घेतला. साताऱ्यापर्यंत, आणि पुढेही बराच वेळ, रस्ता सरळ होता आणि गाडीत इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. दोन्ही आपापल्या जागी बसून होत्या.

खंबाटकीचा बोगदा संपला. उतार लागला, आणि उतारावरचं ते मोठं वळण समोर आलं. मी चाक फिरवलं. आधी एक घरंगळली. मग, जरा मागून, दुसरी.

“हळूच आहे,” मी म्हटलं आणि ब्रेकवर पाय ठेवला.